शिकलगार मॅडमची तिसरी मोजणी

शिकलगार मॅडमना कुणी जाताजाता "काय मॅडम, बरं आहे ना?" असं विचारलं, तर त्या लगेच "बरंय" म्हणत नसत. थांबायच्या. समोरच्याला तासाला जायचं असो की गाडी पकडायची असो, त्या खरोखर विचार करायच्या आणि मग सांगायच्या, "कालच्यापेक्षा बरं हाय. गुडघ्याचं अजून नक्की न्हाई." विचारणारा ओशाळून निघून जाई. मॅडमना त्यात काही विनोदी वाटत नसे. विचारलंय तर खरं सांगायला नको का, एवढंच त्यांचं म्हणणं.

सांगलीच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायला लागले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, अंगावर फिक्या रंगाची सुती साडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, चालणं भरभर, आणि चेहऱ्यावर कायम घरी गॅस चालू राहिलाय की काय अशी काळजी. मूळच्या उंब्रजच्या. वडील सायकलवर चाक बांधून गावोगाव विळ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचे. आता भाऊ सलीम तेच काम गावातल्या दुकानात बसून करत होता. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही.

वर्गात त्या पुस्तकी मराठी आणि इंग्रजी बोलायच्या. पण काळजी वाटू लागली की त्यांच्या तोंडी उंब्रज यायचं. माझ्या पहिल्याच आठवड्यात ते ऐकायला मिळालं. प्रयोगशाळेत एक मुलगी तारेची जाडी मोजत होती. तिनं दहा वेळा मोजून दहा आकडे लिहिले होते, दहाच्या दहा सारखे. वही मॅडमपुढे धरून ती कौतुकाची वाट बघत उभी राहिली.

मॅडमनी वही डोळ्यांजवळ नेली. "मोजलंस का लिवलंस?"

"मोजलं मॅडम."

"दहाबी येळेला?"

मॅडम रागावल्या नाहीत. उलट त्यांचाच चेहरा पडला. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, आकडा एकटा कुठं पाठवायचा न्हाई. त्याच्यासंगं त्याची शंका पाठवायची. किती कमी-जास्त असू शकतंय ते. तुझ्या आकड्याला शंकाच न्हाई, म्हंजे मला तुझी शंका." मग दोघींनी मिळून ती तार पुन्हा दहा वेळा मोजली. माझा तास संपला, शिपाई कुलूप घेऊन आला, तरी त्यांचं चाललेलंच होतं.

मॅडमचं खरं काम मात्र कॉलेजातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. पूर्वेकडच्या एका देशात जमिनीखाली मोठ्या कड्यासारखं एक यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन एका दिशेनं आणि त्यांचे उलट भाराचे जुळे, पॉझिट्रॉन, उलट दिशेनं पळवतात आणि एका जागी त्यांची टक्कर घडवतात. टकरीतून काय बाहेर पडतं ते भोवतालचा डिटेक्टर टिपतो. शेकडो लोक त्या नोंदी घेऊन बसलेले असतात, जो तो आपापलं दुर्मिळ काहीतरी शोधत. पण "मला असं इतकं सापडलं" एवढं म्हणून भागत नाही. टकरींची संधी एकूण किती होती, त्यात इतकं सापडलं, असं सांगावं लागतं. त्या साठत गेलेल्या एकूण संधीला इंटिग्रेटेड ल्युमिनॉसिटी म्हणतात. आम्ही नुसतं ल्युमी म्हणायचो. सगळ्यांचे निकाल शेवटी या एका आकड्यानं भागले जायचे, आणि तो आकडा काढणाऱ्या चार-पाच जणांत आमच्या शिकलगार मॅडम होत्या. इथून, सांगलीतून, पंख्याखाली बसून.

तो आकडा थेट मोजता येत नाही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन पुष्कळदा एकमेकांना नुसते ढकलतात, थोडे वळतात आणि निघून जातात. हे किती वेळा व्हायला हवं याचं गणित कागदावर पक्कं बसलेलं आहे. त्या टकरीला एका भारतीय शास्त्रज्ञाचं नाव आहे, आणि दर वर्षी वर्गात ते सांगताना मॅडम जरा ताठ उभ्या राहायच्या. अशा साध्या टकरी मोजायच्या, डिटेक्टरच्या नजरेतून किती निसटल्या ते धरायचं, गणिताशी ताडायचं, आणि त्यावरून एकूण संधी काढायची. काम कष्टाचं, आणि नाव कुणाचं होत नाही असं. त्यांच्या आईनं एकदा विचारलं होतं, "नसीम, तू तिकडं काय शोधतीस गं?" त्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, "मी काय बी शोधत न्हाई अम्मा. शोधणाऱ्यांचं माप सांभाळती." हे त्यांनीच मला सांगितलं. मी रुजू झाल्यावर वर्षभरात त्यांनी मलाही त्या कामात ओढलं.

त्यांच्या काळजीची मला सवय व्हायला वेळ लागला. एका पावसाळ्यात कृष्णा चढत होती. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं याचे मेसेज सांगलीत घरोघर फिरत होते. आमच्या विभागाचे कॉम्प्युटर तळमजल्यावर. प्राचार्य म्हणाले, "तीन ठिकाणांहून मेसेज आलेत. तिन्हीत एकच आकडा आहे. पाणी स्थिर आहे, घाबरायचं कारण नाही."

मॅडमनी तिन्ही मेसेज मागून घेतले आणि शेजारी शेजारी ठेवून वाचले. तिन्हीत 'पातळी' हा शब्द एकाच पद्धतीनं चुकीचा लिहिला होता.

"सर, हे तीन मेसेज न्हाईत," त्या म्हणाल्या. "एकच हाय. तीनदा आलाय."

आणि छत्री घेऊन पुलाकडे निघाल्या. मला बरोबर जावंच लागलं. पुलावर गर्दी होती, लोक पाण्याचे फोटो काढत होते. मॅडमनी खांबावरच्या खुणा स्वतः वाचल्या, अर्धा तास तिथंच थांबून पुन्हा वाचल्या, आणि परत येऊन सगळे कॉम्प्युटर पहिल्या मजल्यावर चढवायला लावले. पाणी वाढलं खरं, पण कॉलेजच्या फाटकाबाहेरच थांबलं. पुढे आठवडाभर स्टाफरूममध्ये त्यांची थट्टा झाली. मॅडम म्हणायच्या, "न्हाई आलं, बरं झालं." आणि लगेच चेहरा गंभीर, "पण कितीनं न्हाई आलं, ते कुणी बघितलं का?"

त्यानंतरच्या वर्षी ती गोष्ट घडली.

डिटेक्टर दुरुस्तीसाठी उघडून पुन्हा जुळवला गेला होता, आणि त्यानंतरच्या नोंदींची ल्युमी काढायची होती. मॅडम ती दोन तऱ्हांनी काढायच्या. एक, नेहमीच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरींवरून. दुसरी, ज्या टकरीत ते दोघं नाहीसे होऊन प्रकाशाचे दोन कण निघतात त्यांवरून. दोन्ही आकडे जुळले. इतके सुरेख जुळले की तिकडच्या बैठकीत त्यांचं कौतुक झालं. आकडा सगळ्यांना वाटला गेला. मग तो वापरून तिकडच्या एका तरुण संशोधकानं आपला निकाल काढला, आणि तो निकाल ठरलेल्या सिद्धांतापेक्षा जरासा वेगळा आला. फरक टक्क्यालाही पोचत नव्हता, पण ह्या मोजमापात तेवढाही फार असतो. काही तरी नवं हाती लागलंय, अशी कुजबुज सुरू झाली. मोठ्या परिषदेत ल्युमीवर बोलायला मॅडमना नेमलं. आमच्या प्राचार्यांनी फाटकावर फ्लेक्स लावला. त्यावर मॅडमचा मोठा फोटो, मागे कुठूनतरी घेतलेली निळी आकाशगंगा, आणि खाली 'हार्दिक अभिनंदन'.

मॅडम त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून आत यायच्या.

"तुम्हाला आनंद झाला नाही का?" मी विचारलं.

नेहमीप्रमाणे थांबून त्या म्हणाल्या, "लय जुळलंय गं. मला झोप न्हाई."

त्यांनी तिसरी मोजणी सुरू केली. ज्या टकरीतून म्युऑन नावाच्या कणांची जोडी निघते, त्यांवरून. अशा टकरी कमी असतात, त्यामुळे त्या आकड्याची शंका मोठी. तिकडचे लोक म्हणाले, कशाला, दोन पुरे आहेत. माझंही मत तेच होतं. मला घर होतं, लहान मुलगी होती, आणि परिषद पंधरा-वीस दिवसांवर आली होती.

त्यातच एका रविवारी त्या मला उंब्रजला जेवायला घेऊन गेल्या. जेवणं झाल्यावर अंगणात शेजारचे सुभेदार तात्या येऊन बसले. फौजेतून निवृत्त, आता ऊस बघतात. नसीमची तारीफ त्यांनी पेपरात वाचली होती.

"आमची नसीम लय मोठी झाली," ते मला म्हणाले. "पण चेहरा बगा. जसं काय चोरी केली."

मॅडमनी त्यांना सांगून पाहिलं. दोन वेगळ्या तऱ्हांनी मोजलं, आकडा एकच आला, तरी चैन पडत नाही.

तात्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "रायफल एकच व्हती का?"

"म्हंजे?"

"आवं, आमच्याकडं नवा जवान यायचा. पाच गोळ्या मारायचा. पाची एकाच जागी, रुपयाएवढ्या गोलात. पण टार्गेटच्या कडंला. उस्ताद त्याला शिवी देत नसायचा. म्हनायचा, पोरगं बेस हाय, रायफल झिरो केलेली न्हाई, तिचा नेमच बसवलेला न्हाई. नेम कुणी बी धरा, त्या रायफलीतनं गोळी तिकडंच जानार." त्यांनी तंबाखू दाढेखाली सोडली. "तुमी दोन बार काढलं, पर रायफल एकच आसंल तर काय उपेग?"

परतीच्या गाडीत, कऱ्हाडच्या पुढे, मॅडम एकदम म्हणाल्या, "दोन्हीचे कोन आपण त्याच स्फटिकांवरनं घेतलेत, वैशाली."

मी "हो" म्हटलं. त्यात मला विशेष वाटलं नाही. डिटेक्टरच्या टोकाला स्फटिकांची कडी असतात. इलेक्ट्रॉन असो की प्रकाशाचा कण, तो कुठल्या कोनातून गेला हे ती कडी सांगतात. म्युऑनचा माग मात्र आतल्या तारांच्या कोठीतून मिळतो. स्फटिकांशी त्याचा संबंध नाही.

तिसरा आकडा गुरुवारी आला. शंका धरूनसुद्धा तो पहिल्या दोनांपासून लांब होता.

मॅडमनी मला आकडा दाखवला आणि म्हणाल्या, "स्फटिकांची जागा तपास. दुरुस्तीनंतरची." मी माझ्या टेबलाशी आले. दुरुस्तीत ती कडी अगदी थोडी, दोनेक मिलिमीटर, सरकून बसली होती. तिकडच्यांनी नवी मापं घेऊन फाईल पाठवली होती. ह्या टकरी कडेच्या कोनांत इतक्या दाट असतात की कडा केसभर हलली तरी मोजणी बदलते. ती नवी फाईल लावायचं काम माझं होतं. मी मागच्या वर्षीची सगळी मांडणी उचलली होती, एकेक ओळ बदलत गेले होते, आणि ती एक ओळ तशीच राहिली होती. पडद्यावर जुन्या फाईलचं नाव स्पष्ट दिसत होतं.

मी उठले, पाण्याच्या नळापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तासभर मी तेच करत होते. सांगायचंच नाही, असंही मनात येऊन गेलं. मॅडमच्या अजून लक्षात आलं नव्हतं. ओळ बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मग माझी मलाच भीती वाटली आणि मी त्यांच्याकडे गेले.

"मॅडम, फाईल जुनीच राहिलीय. माझ्याकडून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्यापुढे सरकवलं.

"पी. आणि किती फरक पडतोय ते काढ. रडायचं नंतर."

फरक जवळपास तेवढाच निघाला, जेवढ्यावर तिकडे सगळे खूश होते. नवा आकडा लावला की त्या तरुणाचा निकाल सिद्धांताला जाऊन चिकटत होता. नवं काही सापडलं नव्हतं. आमची एक ओळ चुकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्राचार्यांकडे गेल्या. मी दाराशी उभी होते.

"सर, तो फ्लेक्स काढून घ्या."

"का हो? परिषद तर व्हायचीय."

"मी जाणार न्हाई. आकडा चुकलाय."

"कितीनं?"

"टक्क्याच्या आत."

प्राचार्य हसले. "टक्क्याच्या आत? मग झालं काय एवढं?"

मॅडम थांबल्या. प्रश्न नीट तोलला. "तेवढ्यावरच तर भाषण होतं, सर."

सोमवारी सकाळी बैठक होती. आपल्याकडची सकाळ, तिकडची दुपार. पडद्यावर चाळीसेक चौकटी, त्यांत आमची एक. मॅडमनी खोलीचा पंखा बंद करायला लावला, आवाज जातो म्हणून, आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी तीन आकडे दाखवले. मग चौथा, दुरुस्त केलेला. मग शांतपणे, त्यांच्या अवघडलेल्या इंग्रजीत, म्हणाल्या की चूक आमच्या गटाची आहे, वाटलेला आकडा वापरू नये. तो तरुण संशोधक एका चौकटीत होता. त्यानं आपला कॅमेरा बंद केला. कुणीतरी विचारलं, हे आधी का पाहिलं नाही?

"तपासायचं काम माझं होतं," मॅडम म्हणाल्या. "मी दोन मोजण्यांवर समाधान मानलं."

मी त्यांच्याशेजारी, हातभर अंतरावर बसले होते. माझा माईक माझ्यापुढे होता. मी बोलले नाही.

परिषदेत दुसरं कुणीतरी बोललं. पुढे महिनेच्या महिने सगळं पुन्हा मोजलं गेलं आणि शोधनिबंध आला तेव्हा त्यात दुरुस्त आकडा होता, त्याच्या शंकेसह, एका ओळीत. ती ओळ फारसं कुणी वाचत नाही. मॅडमना पुन्हा कधी भाषणाला बोलावणं आलं नाही. फाटकावरच्या रिकाम्या चौकटीत प्रवेशाची जाहिरात लागली. मला मात्र त्यांनी कामावरून काढलं नाही. उलट पुढच्या प्रत्येक खेपेला फाईल लावायचं काम माझ्याचकडे दिलं, आणि मी ते करताना त्या शेजारी येऊन उभ्यासुद्धा राहिल्या नाहीत. मला ते जास्त अवघड गेलं. मी रात्रंदिवस तपासत राहायचे. प्रत्येक बैठकीत वाटायचं, आता कुणी विचारेल की ती ओळ नेमकी कुणाकडून राहिली. कुणी विचारलं नाही. मॅडमनी मला वाचवलं, असं मी धरून चालले, आणि त्या उपकाराखाली त्यांच्याशी पहिल्यासारखं मोकळं बोलेनाशी झाले.

त्या निवृत्त होऊन उंब्रजला गेल्या. त्यानंतर वर्षभरानं तिकडच्या गटाच्या प्रमुखांनी नव्या नोंदींची ल्युमी माझ्याकडे सोपवली. म्हातारे, हळू बोलणारे गृहस्थ. मी बिचकत म्हटलं, माझ्यापेक्षा अनुभवी लोक आहेत. ते म्हणाले, शिकलगारबाईंनी तेव्हाच लिहिलं होतं. फाईल तुमच्याकडून राहिली, हे तुम्ही स्वतः एका तासात येऊन सांगितलंत, आणि म्हणून पुढचं मोजमाप तुमच्याकडेच द्यावं, असं त्यांचं पत्र होतं.

म्हणजे प्रमुखांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी इतकी वर्षं जे दडलंय असं समजत होते, ते दडलेलंच नव्हतं.

त्याच रविवारी मी उंब्रजला गेले. मॅडम सुकल्या होत्या. चार पावलं चालल्या तरी धाप लागत होती. मी बसल्या बसल्या विचारलं, "तुम्ही त्यांना माझं नाव कळवलं होतं?"

"व्हय."

"आणि बैठकीत घेतलं नाहीत."

"चूक कुठं झाली, कुणाच्या हातनं झाली, हे लिवावंच लागतंय. न्हाईतर ती परत होती. पण चावडीवर ओरडायची काय गरज?" त्या दम घ्यायला थांबल्या. "आणि तपासायचं काम माझं होतंच की. ते काय खोटं न्हवतं."

"मला का नाही सांगितलंत? मी किती वर्षं..."

घराला लागून असलेल्या दुकानातून सलीमभाईंच्या चाकाचा आवाज येत होता.

"खरं सांगू? तू सवताहून बोलतीस का, ते बघत हुते."

"किती दिवस बघितलंत?"

"रिटायर हुईस्तवर."

मी खाली बघितलं. मॅडमनी माझी समजूत घातली नाही. "मला सांगितलंस, तासाभरात सांगितलंस, हे बी खरं," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "चारचौघांत न्हाई बोललीस, ते बी खरं. दोन्ही धर. एकानं दुसरं खोडू नको." मग त्यांनी आत वहिनींना, सलीमभाईंच्या बायकोला, हाक मारून माझ्यासाठी भाकरी टाकायला सांगितली, आणि म्हणाल्या, "आता बोललीस तरी चालंल. उशीर झाला म्हणून फुकट जात न्हाई."

हे लिहिते आहे ते म्हणूनच. ती ओळ माझ्याकडून राहिली होती.

महिन्याभरानं सलीमभाईंचा फोन आला. मॅडमना साताऱ्याला दवाखान्यात हलवलं होतं. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांना आत न्यायची तयारी चालली होती. ऑपरेशन डॉक्टरांनी आपल्या परीनं नीट केलं, पण मॅडम शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या. त्यांची माती उंब्रजलाच झाली. तात्या कडेला उभे होते, फौजेत उभे राहतात तसे.

मला मात्र त्या आठवतात त्या आत नेतानाच्या. हिरवा झगा, केस टोपीत बांधलेले, अंगावर एकही दागिना नाही. बांगड्या उतरवून वहिनींच्या हातात दिल्या होत्या आणि चष्मा माझ्या. चष्म्याशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. चेहरा एकदम लहान दिसत होता, डोळ्यांखाली नाकाजवळ दोन खळगे पडलेले. स्ट्रेचर ढकलायला आलेल्या नर्सनं विचारलं, "आजी, भीती वाटतेय का?"

मी वाट बघत होते की त्या आता थांबतील, विचार करतील, किती ते सांगतील.

"व्हय," मॅडम लगेच म्हणाल्या.

नर्सनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्ट्रेचर निघालं. दाराशी पोचल्यावर मॅडमनी मान उचलली आणि आमच्या दिशेनं हात हलवला. पण आमची दिशा त्यांना नीट कळली नव्हती. आम्ही डावीकडे भिंतीशी उभे होतो. त्या समोरच्या बाकाकडे बघत होत्या. तिथं खटाव का कोरेगावकडची कुणी एक म्हातारी, आपल्या माणसाची वाट बघत, मांडीवर जेवणाचा डबा धरून बसली होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग डबा बाजूला ठेवला, पदर सावरला, आणि मॅडमकडे बघून हात वर केला. दार लागेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.